पहिला टॅटू काढायचाय, आधी काय तयारी करू आणि नंतर काळजी कशी घेऊ?

आदल्या दिवशी दारू अजिबात नको, रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही. रात्री नीट झोप, जायच्या आधी पोटभर जेव, पाणी पी, कारण उपाशीपोटी चक्कर येणारे खूप असतात. उन्हाने भाजलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागेवर टॅटू नको, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचार, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. सुई नवीन आहे ना, पाकीट समोर फोडतात ना, हे बघच, त्यात लाजायचं काय!

खरं काम नंतरचं आहे. शाई त्वचेच्या आतल्या थरात असते, वर मात्र उघडी जखम, त्यामुळे हात धुतल्याशिवाय तिथे लावायचाच नाही, बिनवासाच्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं, स्वच्छ टिश्यूने टिपायचं, चोळायचं नाही, मग मलम अगदी पातळ, लोक थापतात आणि मग जागा ओली राहून बिघडते. काही दिवसांनी खाज सुटेल, साल निघेल, कितीही हात शिवशिवला तरी खपली उपटू नकोस, शाई पण निघून येते. वरची त्वचा भरायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, तोवर स्विमिंग बंद आणि ऊन टाळ, सनस्क्रीन पूर्ण भरल्यावरच. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.