वाचकांचे प्रश्न: फोनला सांगितलं, डॉक्टरला नाही

प्रश्न: नमस्कार मॅडम, आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले, गावाचं नाव छापू नका. माझ्या सासूबाई ५६ वर्षांच्या, त्यांच्या छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे, गणपतीच्या आधीपासून आहे म्हणे पण मला दिवाळीत कळलं. दुखत नाही म्हणून त्या गप्प, आणि कुठल्या तरी व्हिडिओत बघून पाल्याचा लेप लावतात. मी रात्री सगळी झोपली की फोनवर शोधतो, एके ठिकाणी लिहिलंय न दुखणारी गाठ वाईट, दुसरीकडे लिहिलंय बहुतेक गाठी साध्याच असतात, फोटो बघून तर झोपच उडते. दवाखान्याला जाऊया म्हटलो तर म्हणतात तिथं कानडीत बोलावं लागतंय, सुई लावली की गाठ पसरते, आणि नणंदेचं लग्न ठरायचंय तोवर कुणाला काय बोलू नकोस. काय करू?

उत्तर: ताई, आधी मुद्द्याचं सांगते. याच आठवड्यात दाखवायचं, लग्न ठरेपर्यंत थांबायचं नाही.

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण आपली कुठली ते हात लावून किंवा फोटो बघून कळत नाही, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून दुखत नाही याचा आधार धरून बसायचं नाही. त्यात पाळी गेल्यानंतरच्या वयात नवीन गाठ आली तर तपासायलाच पाहिजे. डॉक्टर हाताने बघतील, मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे आणि सोनोग्राफी करतील आणि गरज वाटली तर सुईने छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतील. सुईने गाठ पसरते ही भीती आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती खरी नाही, उलट त्या तुकड्याशिवाय गाठ कसली, औषध कुठलं, हे ठरतच नाही. लेप आजपासून बंद करा, तो गाठीपर्यंत पोचत नाही, वरची कातडी मात्र भाजते आणि मग डॉक्टरलाही नीट कळत नाही.

तुम्ही फोनवर शोधलंत याचा मला अजिबात राग नाही. ओपीडीत बसून मी हेच बघत आले, बायका महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढतात आणि आल्या की आम्हीच खेकसतो, एवढे दिवस काय करत होता म्हणून. फोन असं बोलत नाही, म्हणून बाई त्याला सांगते. यात चूक आमची आहे आणि ती मला मनापासून टोचते. दुसरं म्हणजे शब्द. आपण लाजून छाती म्हणतो, मग छातीत गाठ असं टाइप केलं की हृदयाचं, फुप्फुसाचं सगळं एकत्र येतं. स्तनातली गाठ असं लिहा, आणि डॉक्टरपुढेसुद्धा तेच बोला, त्यात लाज कसली. आणि फोटो बघणं सोडा, त्यापेक्षा एका कागदावर लिहा: गाठ कधी दिसली, वाढली का, बोंड आत ओढलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतं का, कातडीला खळ्या पडल्यात का, काखेत काही लागतं का, आई-बहिणीला कधी असं झालं होतं का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. हा कागद डॉक्टरच्या हातात द्या.

कानडीची भीती मी समजू शकते. पण बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर, नर्स भरपूर आहेत. कानडीत गाठीला गंटु म्हणतात, कुणी नाहीच भेटलं तर तेवढा शब्द आणि बोट पुरे. लेडी डॉक्टर पाहिजे असं काउंटरवर बिनधास्त सांगा. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड घेतलं की खानापूरहून बेळगाव फुकट होतं, आणि तिथं सरकारी जिल्हा हॉस्पिटल आहे. गावातल्या आशाताईंनाही सांगा, तिशीपुढच्या बायकांची स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, पण गाठ हाताला लागतेय म्हटल्यावर कॅम्पची वाट बघू नका.

राहिलं लग्न. घरात असं काही निघालं तर मुलीला स्थळं येणार नाहीत ही सासूबाईंची काळजी, त्या आई आहेत, त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एवढंच म्हणा, मामी, लेकीच्या अक्षतांना तुम्ही मांडवात पाहिजे, म्हणून जाऊन येऊया. लवकर सापडलं तर उपचार सोपे असतात आणि बहुतेक बायका बऱ्या होतात. हे सगळं एकट्यानं ओढू नका, मिस्टरांना आज रात्रीच सांगा. आणि कॅन्सर निघालाच तर नणंदेपासून लपवू नका, आईला झालेलं असलं तर लेकीनं तपासणी कधीपासून करायची ते डॉक्टर वेगळं सांगतात.

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे, आम्ही निपाणीचे. बीपीच्या गोळीनं किडनी जाते असं एका रीलमध्ये बघून त्यांनी तीन आठवडे गोळी बंद केली, म्हणतात एकदम बरं वाटतंय.

उत्तर: वाढलेलं बीपीच किडनी खराब करतं, रीलमध्ये उलटं सांगितलंय. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरं वाटण्यावर जाऊ नका. उद्याच जवळच्या आरोग्य केंद्रात मोजून घ्या, आकडा लिहून ठेवा, गोळ्यांची पाकिटं घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ लावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, कारण लकव्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. निपाणीहून कोल्हापूर का बेळगाव, रात्री स्कॅन कुठं होतो, ते आजच फोन करून विचारून ठेवा.