झिजलेल्या रोमन चांदीच्या नाण्यावरचा सम्राट कसा ओळखायचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नाणं चांदीचं, 18 मिलिमीटर, 3.2 ग्रॅम. दाढी नसलेल्या माणसाच्या डोक्यावर पानांची माळ आणि कडेच्या अक्षरांत फक्त 'टी आर ए आय ए एन' लागतंय. हा ट्रेजनच ना, असा प्रश्न.

बहुधा तोच. पण फक्त त्या सहा अक्षरांच्या भरवशावर नाही.

माप डिनेरियसचं, म्हणजे रोमच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याचं आहे. माळेऐवजी सूर्यकिरणांसारखा टोकेरी मुकुट असता, तर ते 215 साली सम्राट कॅराकल्लाने काढलेलं मोठं नाणं असण्याची शक्यता होती. तो विषय इथे संपला.

खरी गोची नावाची. ट्रेजनच्या आधीच्या सम्राटाने, नर्वाने, ट्रेजनला दत्तक घेतलं, म्हणून ट्रेजनच्या सुरुवातीच्या नाण्यांवर आधी 'नर्वा' येतं आणि मग 'ट्रायान'. पुढे हेड्रियनही स्वतःला ट्रेजनचा दत्तक मुलगा म्हणवून घेत गादीवर आला आणि त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर 'ट्रायान हॅड्रियानस' आलं. आपल्याकडे दत्तक गेल्यावर वडिलांचं नाव बदलतं, तसलाच प्रकार. मी स्वतः ट्रेजनचं एक नाणं कित्येक महिने नर्वाच्या पाकिटात ठेवलं होतं, कारण पुढचं अक्षर वाचायचा कंटाळा केला. तुमच्या नाण्यावरच्या माणसाला दाढी नाही, त्यामुळे हेड्रियन सहसा गळतो. ट्रेजनचे केस कपाळावर सरळ खाली विंचरलेले असतात, तेही बघा.

आता भिंगाखाली त्या 'एन'नंतर 'ओ' दिसतो का ते शोधा. 'ट्रायानो' ही चक्क चतुर्थी आहे: ट्रेजनला, ट्रेजनास. मागच्या बाजूला 'एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिन्सिपी' असतं, कधी शेवट तोडून 'प्रिन्क' एवढंच. दोन्ही बाजू मिळून एकच वाक्य होतं: रोमच्या सिनेटने आणि जनतेने सर्वोत्तम राज्यकर्त्या ट्रेजनला. मला हे फार आवडतं; एका वाक्यासाठी नाणं उलटावं लागतं!

'ओ'च्या पुढे 'जी ई आर', 'डी ए सी' असेल तर त्या जर्मानिकस आणि डाकिकस या पदव्या. दुसरी पदवी 102 मध्ये डाकियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या, पहिल्या युद्धानंतर मिळाली. म्हणजे नाणं त्याआधीचं नाही. 'सी ओ एस' (कॉन्सल, रोममधलं एक मोठं पद) पुढे किंवा मागे, कुठेही असू शकतं. त्याच्यानंतर नुसता 'व्ही' (पाचव्यांदा कॉन्सल) असेल तर 103 ते 111, 'व्ही आय' असेल तर 112 किंवा नंतरचं.

कडेवर सगळीकडे फिरणारी सांध्याची रेघ असेल तर साच्यात ओतलेली नक्कल समजा. आणि कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावू नका, उरलेली अक्षरंही जातील. मागच्या बाजूचा फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.