पीएनजी लोगो जेपीजी केल्यावर मागे काळं का येतं

भाऊ, पीएनजी लोगो जेपीजी केला तर मागे काळं आलं, आणि तोच पुन्हा पीएनजी केला तरी काळं जाईना, असं तुम्ही लिहिलंय. सॉफ्टवेअर बदलून गेलेलं परत येत नाही, मूळ अडचण जेपीजीचीच आहे.

पीएनजीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांशिवाय अल्फा हा चौथा आकडा असू शकतो, तो पिक्सेल किती आरपार दिसतो ते सांगतो. 0 म्हणजे आरपार, 255 म्हणजे भरीव. जेपीजीत या चौथ्यासाठी जागाच नाही. काही प्रोग्राम तो सरळ फेकून देतात आणि खाली दडलेला रंग उघडा पडतो. तो बहुतेक वेळा 0,0,0 असतो, म्हणजे काळा. एकदा अल्फा गेला की पीएनजीत परत बदलून तो येणार कुठून?

म्हणून जेपीजी करण्याआधी मागचा रंग आपणच ठरवायचा. गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये खाली पांढरा लेयर म्हणजे थर टाकून फ्लॅटन करा, म्हणजे सगळे थर एकत्र चपटे करा. इमेजमॅजिक हा कमांडवर चालणारा प्रोग्राम वापरत असाल तर बॅकग्राउंड पांढरा देऊन अल्फा रिमूव्ह.

पण पांढराच का, हे आधी विचारा. समजा लोगोत संत्रं आहे, त्याच्या कडेचा एक पिक्सेल घ्या: रंग 255,140,0 आणि अल्फा 128, म्हणजे अर्धा आरपार. पांढऱ्यावर चपटा केला की तो 255,197,127 होतो, फिका नारिंगी. मग मागचं पांढरं खोडून तो लोगो नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानाच्या हिरव्या पाटीवर ठेवला, तर संत्र्याभोवती फिकट कडा दिसणारच. पाटी हिरवी असेल तर त्याच हिरव्यावर फ्लॅटन करा. मऊ सावली असेल तर हे आणखीच सांभाळा.

जीआयएफच्या वाटेला जाऊ नका. त्यात पिक्सेल एक तर दिसतो नाही तर नाही, अधलंमधलं काही नाही. कडा करवतीसारख्या होतात. वेबसाइटसाठी फाइल हलकी हवी तर वेबपी हा फाइलचा प्रकार घ्या, त्यात अल्फा टिकतो.

आणि लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे त्याचं जेपीजी होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सवाला कोरल या डिझाइनच्या प्रोग्रामवर काम करत असेल तर हा सगळा खटाटोप सोडा आणि ज्याने लोगो काढला त्याच्याकडून मूळ सीडीआर म्हणजे कोरलची फाइल मागून घ्या. तो देत नसेल तर निदान पीडीएफ तरी, पण व्हेक्टर असलेली, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेली. पीएनजी आत चिकटवलेली पीडीएफ कामाची नाही.