न वापरलेला बचाव-संचही तपासावा का?

प्रश्न : उंचावर अडकलेल्या कामगाराला खाली उतरवण्याचा संच आमच्या कारखान्यात आहे, पण तो दोन वर्षांत एकदाही वापरलेला नाही. तरीही तपासणी हवी का?

उत्तर : हवीच, कारण पिशवीत पडून असलेला दोरही दमटपणा, उष्णता, रसायनांच्या वाफा आणि उंदीर यांच्या तावडीतून सुटत नाही. ईएन ३६५ या युरोपीय मानकानुसार अशा साधनांची सक्षम व्यक्तीने किमान दर १२ महिन्यांनी तपासणी करावी लागते. उत्पादकाने त्याहून कमी मुदत सांगितली असेल, तर तीच पाळावी. दोर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवावा आणि जिथे तो अचानक मऊ, चपटा किंवा ताठर लागेल, तिथे आतला गाभा दुखावला आहे असे समजून तो बाद करावा. कॅरॅबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, गेट (उघडझाप होणारा भाग) हात सोडताच आपसूक मिटले पाहिजे. संच बॅटरीच्या खोलीत मुळीच ठेवू नये, कारण आम्लाने नायलॉन कमजोर होते आणि ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. मळलेले पट्टे सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. ज्या साधनाचा अनुक्रमांक वाचता येत नाही, ते वापरातून काढावे, मग खरेदी विभागाने कितीही कुरकुर केली तरी.