अंगावरच्या दुधाने बाळाचे अ‍ॅलर्जी व दम्यापासून रक्षण होते का?

आपल्या पतीला लहानपणापासून दमा आहे, बाळ दीड महिन्याचे आहे, आणि बाळाला अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून आपण शेंगदाणे, अंडी व दूध बंद करावे असे घरचे सांगतात, असे आपण लिहिले आहे. मी स्तनपान समुपदेशक आहे. माझे स्पष्ट मत असे की अंगावर पाजण्याचा लाभ बाळाला नक्की होतो, मात्र त्यासाठी आपण अर्धपोटी राहण्याची मुळीच गरज नाही.

पहिले काही महिने बाळाच्या आतड्याचे अस्तर कोवळे असते. आईच्या दुधातील, आणि विशेषतः पहिल्या दाट पिवळ्या चिकातील, ‘आयजीए’ प्रतिपिंडे या अस्तरावर पहारा देतात. दुधातील काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्यांवर आतड्यातील बायफिडोबॅक्टेरिया हे उपकारक जिवाणू पोसतात आणि बाळाच्या रोगप्रतिकारशक्तीला योग्य वळण लागण्यास मदत करतात. शिवाय श्वसनमार्गाचे संसर्ग कमी होत असल्याने पहिल्या दोन वर्षांत छातीत घरघर होण्याचे प्रसंगही घटतात.

दम्याविषयी मात्र मी हमी देणार नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक बाळांच्या अभ्यासात, स्तनपानाला विशेष प्रोत्साहन देणाऱ्या रुग्णालयांतील ३.३ टक्के बाळांना पहिल्या वर्षात अ‍ॅलर्जीचा इसब झाला, तर इतर रुग्णालयांत हे प्रमाण ६.३ टक्के होते. पण तीच मुले साडेसहा वर्षांची झाल्यावर दम्याच्या प्रमाणात घट दिसली नाही. अन्य काही पाहण्यांत अधिक काळ अंगावर प्यायलेल्या मुलांत दमा कमी आढळला आहे. वडिलांकडून येणारी प्रवृत्ती दुधाने पुसली जात नाही, आणि घरातील विडी-सिगारेटचा धूर तर दुधाचा लाभही कमी करतो.

आपल्या पथ्याविषयी मला अधिक काळजी वाटते. निव्वळ वरण-भातावर तीन-तीन महिने काढून थकलेल्या बाळंतिणी मी पाहते, आणि अशा पथ्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळते असा पुरावा नाही. आपण सर्व काही खावे. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, मग वरचे अन्न सुरू करताना अंडे व शेंगदाण्याची पातळ पेस्ट विनाकारण लांबवू नये; अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो देऊ नये. बाळाला आधीच तीव्र इसब असेल, तर हे पदार्थ सुरू करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि शौचात रक्त दिसले तर आपल्या मनाने पथ्य न धरता लगेच त्यांना दाखवावे.