एका पार्सलासाठी माणूस पाठवणे परवडते का?

प्रश्न : माझा मुलगा अभियंता आहे. पुण्यातली नोकरी सोडून मित्राबरोबर एक स्टार्टअप काढायचे त्याच्या मनात आहे. ग्राहकाने मोबाइलवर वस्तूचा फोटो पाठवला की अर्ध्या तासात त्यांचा माणूस दारात येईल, वस्तू उघडीच घेऊन जाईल, ते तिचे पॅकिंग करतील आणि जे कुरिअर स्वस्त पडेल त्याने रवाना करतील. घरून उचलण्याचे पन्नास रुपये, कुरिअरचा खर्च वेगळा. भांडवलासाठी तो माझ्या निवृत्तीच्या पैशांतले पाच लाख मागतो आहे. असे धंदे चालतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कल्पना वाईट नाही, मात्र ती आधीच भरपूर पैसा ओतून करून पाहिली गेली आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला २०१४ मध्ये ‘शिप’ नावाच्या कंपनीने नेमकी हीच सेवा सुरू केली होती : फोटो काढा, पाच डॉलर द्या, माणूस येऊन वस्तू नेईल, गोदामात पॅकिंग होईल आणि पार्सल जाईल. २०१५ मध्ये कंपनीला एकाच फेरीत पाच कोटी डॉलरचे भांडवल मिळाले आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, मायामी अशा शहरांत ती पसरली. पुढे एकेक शहर बंद करत ती पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोपुरती उरली आणि मार्च २०१८ मध्ये तिथेही तिने काम थांबवले. कोणत्याही किमतीवर वाढ करण्याच्या सापळ्यात आपण सापडलो, अशी कबुली संस्थापक केव्हिन गिबन यांनी कंपनी बंद करताना दिली.

सेवा ग्राहकांना आवडत होती, हे इथे विसरू नये. पण सामान्य घरातून वर्षाला पार्सले जातात किती? राखीला एक, दिवाळीला एक, एखादे मुलाच्या वसतिगृहावर. अशा ग्राहकाला शोधायला जाहिरातीचा खर्च होतो, आणि तो पुन्हा येईपर्यंत आपले नावही त्याच्या लक्षात राहिलेले नसते. टॅक्सी किंवा जेवण मागवणारा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून त्याच्यावर केलेला खर्च निदान वसूल होण्याची शक्यता तरी असते.

आता पन्नास रुपयांचा हिशेब आपण दोघांनी कागदावर मांडून पाहावा. समजा, दुचाकीवरच्या मुलाचा पगार, पेट्रोल आणि गाडीची झीज मिळून तासाला दीडशे रुपये पडतात. कोथरूडहून एक पार्सल घेऊन तो बाणेरला दुसरे उचलायला गेला, की वाहतुकीत, फाटकावरच्या वहीत नाव लिहिण्यात आणि लिफ्टची वाट पाहण्यात तास संपतो. म्हणजे एका पार्सलामागे पंचाहत्तर रुपये गेले, आणि पुठ्ठ्याचा खोका, बबल रॅप, चिकटपट्टी व पॅकिंग करणाऱ्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. तोच मुलगा संध्याकाळी पाच वाजता रविवार पेठेतल्या एखाद्या गल्लीत गेला आणि दीड तासात दहा दुकानांतून तीस पार्सले घेऊन आला, तर उचलण्याचा खर्च पार्सलामागे साडेसात रुपये होतो. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण दोन्हींतले अंतर खरे आहे. अ‍ॅप कितीही सुबक केले तरी ते कमी होत नाही, कारण ते रस्त्यावरचे अंतर आहे.

कुरिअरच्या दरातल्या फरकावर कमाई होईल, असे चिरंजीव म्हणतील. घाऊक ग्राहकाला कुरिअर कंपन्या कमी दर देतात हे खरेच. पण तो दर रोजच्या मालावर मिळतो, महिन्याला शंभर-दीडशे सुट्या पार्सलांवर नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर बंगळुरूच्या ‘डन्झो’चे पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांची किरकोळ कामे करून देण्यापासून सुरुवात झालेल्या या कंपनीत २०१७ मध्ये गूगलने आणि २०२२ मध्ये रिलायन्सने पैसे घातले. पुढे ती किराणा पोहोचवण्याच्या खर्चिक शर्यतीत उतरली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिचे अ‍ॅप बंद पडले. तिचे दुखणे केवळ पार्सलांचे नव्हते, तरीही एका कामासाठी एक माणूस धावायला लावण्याचा भार तिला सुरुवातीपासून वाहावा लागला. अशा चर्चेत मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला हमखास दिला जातो, पण तो उलट बाजूने लागू पडतो : ठरलेली वेळ, ठरलेली गाडी, रोज तेच घर आणि महिन्याचे पैसे. तिथे ‘मागाल तेव्हा’ असे काहीच नाही, आणि त्यामुळेच ते परवडते.

तेव्हा माझे मत असे, की घरोघरच्या हौशी ग्राहकासाठी अर्ध्या तासाच्या वचनावर उभा केलेला हा धंदा चालणार नाही. रोज पाच-दहा पार्सले पाठवणाऱ्या घरगुती विक्रेत्यांसाठी ठरलेल्या वेळच्या फेरीवर तो चालू शकेल. साड्या, मसाले, हातचे दागिने समाजमाध्यमांवर विकणाऱ्या अनेक महिला रात्री जागून खोके बांधतात, आणि त्यांना पॅकिंगच्या कटकटीतून सुटका हवी असते. अर्थात हे मैदानही मोकळे नाही. ‘शिपरॉकेट’सारख्या कंपन्या निरनिराळ्या कुरिअरचे दर एका ठिकाणी दाखवून पिकअपही ठरवून देतात, आणि टपाल खाते मोठ्या ग्राहकांचे स्पीड पोस्ट जागेवरून उचलते. या कंपन्या सहसा तयार, बांधलेले खोके उचलतात. म्हणून चिरंजिवांना हात घालायला जागा आहे ती पॅकिंगमध्ये.

आणखी एक जागा परदेशी जाणाऱ्या दिवाळीच्या फराळाची आहे, पण तिथे फोटोवरून दर सांगण्याची त्यांची युक्ती अंगाशी येईल. चिवडा, चकल्या आणि शंकरपाळ्यांचा चाळीस बाय तीस बाय तीस सेंटिमीटरचा खोका काट्यावर चार किलो भरतो. पण कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला बहुधा पाच हजारांनी भागून व्हॉल्युमेट्रिक वजन काढतात, ते येते ७.२ किलो, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे लावतात. ग्राहकाला चार किलोचा दर सांगून बसलात, तर वरच्या ३.२ किलोंचे पैसे आपल्याच खिशातून जातात. शिवाय अमेरिकेने ऑगस्ट २०२५ अखेर आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी काढून घेतल्यापासून कागदपत्रे नीट भरून देणाऱ्याची गरज वाढली आहे. हे काम शिकून घेतले, तर ग्राहक त्याचे पैसे द्यायला कुरकुर करत नाही.

पाच लाख आत्ताच देऊ नका. राखीपासून दिवाळीपर्यंत त्याने अ‍ॅपशिवाय, स्वतःच्या दुचाकीवर, वीस ठरलेल्या विक्रेत्यांची पार्सले रोज संध्याकाळी गोळा करावीत, पॅकिंग स्वतः करावे आणि दर पार्सलामागे काय उरले ते वहीत लिहावे. नोकरी सांभाळून हे जमते. दिवाळीनंतर ती वही पाहून आपण निर्णय घ्या.

प्रश्न : ग्राहकाची वस्तू आम्हीच पॅक करून कुरिअरने पाठवली आणि ती वाटेत फुटली, तर जबाबदारी कोणाची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्राहकाच्या दृष्टीने आपलीच, कारण पावती आपण दिलेली असते. कुरिअर कंपनीच्या भरपाईची मर्यादा बहुधा पावतीमागच्या बारीक अक्षरांत असते आणि ती वस्तूच्या किमतीच्या मानाने फार लहान असते. शिवाय पॅकिंग सदोष होते, असे म्हणायला ती मोकळी असते. किमती वस्तूचा वेगळा विमा उतरवावा, खोका बंद करण्यापूर्वी आतील वस्तूचा फोटो काढून ठेवावा, आणि काच व देव्हाऱ्यातल्या मूर्ती पहिले सहा महिने घेऊच नयेत.