पेरिओत एमडीएस झालंय, पीएचडीसाठी गोथेनबर्गला यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला पेरिओत, म्हणजे हिरड्या आणि दातांभोवतीच्या हाडाच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालंय, हलणारे दात वाचवणं आणि झिजलेलं हाड परत आणणं यावर पीएचडी करायचीय. स्वीडनला, गोथेनबर्गला यावं का, आणि जोडीला क्लिनिक करता येईल का?

क्लिनिकचं आधी सांगतो, बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. सुरुवातीची काही वर्षं तरी नाही. भारतातली नोंदणी इथे चालत नाही. युरोपाबाहेर शिकलेल्या डेंटिस्टला लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, वर सी-१ म्हणजे प्रगत पातळीचं स्वीडिश. पीएचडी करता करता सहज होतं म्हणणारे भेटतील. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून रात्री स्वीडिश क्रियापदं घोकून बघ, मग बोलू.

संशोधनासाठी मात्र गाव अगदी बरोबर निवडलंयस. इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट (हाडात रोवलेली कृत्रिम मुळं) बसवले ते इथेच. पण तुझ्या कामाचं ते नाही. तुझ्या कामाचं आहे 1982 चं. फ्लॅप, म्हणजे शस्त्रक्रियेत उचललेली हिरडी, परत शिवला की हिरडीच्या पेशी आधी धावत येऊन मुळाला चिकटतात आणि लिगामेंटच्या (दात हाडाला बांधणाऱ्या तंतूंच्या) पेशींना जागाच उरत नाही, हे तू शिकलीच असशील. निमन, लिंधे आणि कारिंग यांनी एका माणसाच्या दाताचं मूळ आणि हिरडी यांच्या मध्ये फिल्टरचा पडदा घातला, नंतर तो दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवी जोडणी धरलेली. 1988 मध्ये डालिन आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती उंदरांच्या जबड्यातल्या भोकांवर टेफ्लॉन लावून केली आणि हाड भरून आलं. आज आपल्याकडे जे मेंब्रेन (पडदे) वापरतात त्याचं मूळ हे. दाताभोवतीची जोडणी परत वाढवायला लावतात ते एमडोगेनही स्वीडनचंच, माल्मोचं. ते डुकराच्या वाढत्या दातांतल्या प्रथिनांपासून बनतं आणि हाडाच्या जागी भरायचं बायो-ऑस गाईच्या हाडापासून. नागपुरात पेशंटला हे सांगून, विचारूनच वापरत जा.

दात काढून इम्प्लांट टाकण्याची घाई आता थोडी ओसरतेय, हे मला स्वतःला फार बरं वाटतं. इटलीच्या कोर्तेलिनींनी हाड थेट मुळाच्या टोकापर्यंत झिजून गेलेले 25 दात रिजनरेशन (गेलेलं हाड परत वाढवण्याचे उपचार) करून ठेवले, आणि दुसऱ्या 25 जणांचे तसलेच दात काढून इम्प्लांट किंवा ब्रिज दिले. 10 वर्षांनी ठेवलेल्यांपैकी 88 टक्के दात तोंडात होते, आणि एकूण खर्चही कमी आला. अर्थात ते पेशंट निवडक होते आणि फॉलोअप कडक. आपल्या ओपीडीतला, दुखलं तरच येणारा पेशंट डोळ्यांपुढे ठेवून तो पेपर वाच.

आता रोजचं काम. पेशंटचं तोंड दिसणार नाही. हाडाचे तुकडे दिसतील. इम्प्लांटसकट हाड प्लास्टिकमध्ये बसवायचं, करवतीने कापायचं, मग घासत घासत इतकं पातळ करायचं की आरपार उजेड जाईल. टोल्युडीन ब्लू हा रंग लावला की नवं हाड जुन्यापेक्षा गडद उठतं, मधे ग्राफ्टचे, म्हणजे बाहेरून भरलेल्या हाडाचे, दाणे फिकट दिसतात. जरा जास्त घासलं की स्लाइड गेली, आणि त्या जागेचं दुसरं हाड मिळत नाही. हात चांगला असलेल्या सर्जनलाही हे काम कंटाळवाणं वाटतं. तुला वाटेल का, हे येण्याआधी तपासून घे. कॉलेजच्या ओरल पॅथॉलॉजीत महिनाभर बसलीस तरी पुरे.

पैशांचं सोपं आहे. पीएचडी ही इथे पगारी जागा असते, फी नाही, पूर्णवेळ 4 वर्षं धरायची. शिकवण्याचं काम घेतलं की थोडी लांबते. मास्टर्सला मात्र 2011 पासून युरोपाबाहेरच्यांना फी आहे. कर्ज काढून त्या वाटेने येऊ नकोस, एमडीएस असताना गरजही नाही. जागा विद्यापीठाच्या साइटवर नोकरीसारख्या जाहीर होतात. त्याआधी प्राध्यापकांना मेल टाक, पण "रिस्पेक्टेड सर" आणि दोन पानी बायोडेटा नको. स्वतः केलेली एखादी केस, आधीचा आणि नंतरचा आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे), आणि त्यात काय फसलं ते चार ओळींत. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी परत टाक. जुलैत मात्र नको, तेव्हा सगळा देश सुट्टीवर असतो.